शहरातलं दुर्लक्षित पाईन उकरून बोन्सायसाठी कसं जगवायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कंपाऊंडच्या भिंतीला चिकटून वाढलेलं, दरवर्षी कटरनं वरून भादरलेलं, बुंध्याशी बांधकामाचा राडारोडा पडलेला, असं एखादं पाईन तुम्ही कुठेतरी हेरून ठेवलंय आणि आता तिथे पार्किंग किंवा गटार होणार म्हणून ते जाणारच आहे, तर हे तुमच्यासाठी. असली झाडं बोन्सायला भारी असतात, कारण वर्षानुवर्षं कापून कापून उंची वाढलेली नसते आणि खोड मात्र मनगटापेक्षा जाड झालेलं असतं. असं खोड कुंडीत तयार करायला वीस-तीस वर्षं सहज जातात.

पण पाईन म्हणजे वड-पिंपळ नाही. वडाचं नुसतं खोड तोडून लावलं तरी त्याला फुटवे येतात, पाईनला येत नाहीत, आणि नवीन लोकांची बहुतेक झाडं इथेच मरतात, वडाची सवय पाईनवर चालवायला गेल्यामुळे. त्यामुळे आधीच ठरवून टाका की पहिली दोन वर्षं फक्त मुळं तयार करायची, वरचा शेप-बिप सगळं नंतर. हे पटत नसेल तर नर्सरीतलं तयार झाड घ्या, वाईट काही नाही त्यात.

१. आधी झाड नीट बघा, सगळीच झाडं आणण्यासारखी नसतात

पहिलं काम म्हणजे फांदीत हात घालून हिरवळ बाजूला करा आणि आत बघा. कटरनं भादरलेली झाडं बाहेरून गच्च हिरवी दिसतात पण आत सगळा काड्यांचा सांगाडा असतो. पाईनची फांदी जिथपर्यंत सुया आहेत तिथपर्यंतच जिवंत समजायची, शेवटच्या सुयांच्या आत कापलं तर मागून फुटवा येईल ही आशा सोडा, ती फांदी वाळतेच. म्हणून खोडापासून सगळ्यात जवळची हिरवी सुई किती लांब आहे ते बघा. वीतभर असेल तर उत्तम, दोन हात लांब असेल तर पुढे खोडाजवळ कलम करावं लागेल, आणि पहिल्याच झाडाला कलमाच्या भानगडीत पडू नका.

दुसरं, सुयांचा एक जुडगा तोडून मोजा. पाईनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यात येतात. जपानी ब्लॅक पाईन, रेड पाईन, स्कॉट्स आणि मुगो दोन सुयांचे, जपानी व्हाईट पाईन पाच सुयांचं. पण नुसत्या मोजण्यावर थांबू नका, कारण ब्लॅक आणि रेड पाईनची कोवळी वाढ कापली तर त्याच सीझनला परत फुटते आणि स्कॉट्स-मुगोची फुटत नाही, वर्षातून एकदाच काय ती वाढ. सुया दोघांच्याही दोनच. हा फरक पुढे छाटणीच्या वेळी फार महत्त्वाचा आहे, त्यामुळे जात कळत नसेल तर फांदी, शंकू आणि सालीचे फोटो काढून जाणकाराला दाखवा.

मग बुंधा. शहरात झाडाभोवती भराव पडलेला असतो आणि खोड थेट खांबासारखं जमिनीत घुसलेलं दिसतं. खुरप्यानं चार-सहा इंच माती बाजूला करा, बऱ्याचदा खाली खोड छान पसरत गेलेलं सापडतं आणि वरून साधं वाटणारं झाड एकदम वेगळं दिसायला लागतं. उलटंही होतं, म्हणजे खाली एक मूळ खोडाला फास लागल्यासारखं गुंडाळलेलं निघतं, खासकरून कधीकाळी कुंडीतून काढून तसंच लावलेलं असेल तर. एखादं असं मूळ पुढे कापता येतं, पण चहूबाजूंनी फास असेल तर सोडून द्या.

तब्येत कशी ओळखायची? मागच्या वर्षी टोकाला किती वाढ झाली ते बघा, निदान बोटभर हवी. टोकाचे डोळे भरलेले, टणक हवेत. पानगळीच्या सुमारास आतल्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळतात ते नॉर्मल आहे, पण टोकाच्या नव्या सुया पिवळ्या असतील तर गडबड आहे. खोडावर बारीक भोकं, त्यातून भुसा आणि राळेचे गोळे बाहेर आलेले दिसले तर आत खोडकिडा आहे, ते झाड आणू नका. आणि एखादं झाड एका सीझनमध्ये अख्खं तपकिरी झालं असेल तर त्याचं लाकूडसुद्धा हलवू नका. पाईन विल्ट नावाचा रोग सूत्रकृमींमुळे होतो आणि ते सूत्रकृमी लांब मिशांच्या भुंग्यांच्या अंगावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, तुम्ही लाकूड घरी आणलंत तर भुंगेही येतात.

२. परवानगी आणि कागद

झाड दुर्लक्षित आहे म्हणजे बेवारस आहे असं नसतं. "कोणी बघत नाही, रात्री उकरू" हा विचार डोक्यातून काढा. रस्त्याकडेचं, बागेतलं, सरकारी जागेतलं झाड असेल तर त्या जागेचा जो काही विभाग आहे त्याचीच परवानगी लागते, वॉचमन हो म्हणाला त्याला अर्थ नाही. जवळ असू द्या:

- जागेच्या मालकाची लेखी परवानगी, त्यात झाडाचा फोटो आणि जागा स्पष्ट. मेसेज चालेल पण कागद बरा.
- झाड तोडायला किंवा हलवायला स्थानिक नियमांनुसार परवाना लागत असेल तर तो.
- जमिनीखालून वीज, गॅस, पाणी, केबल कुठून गेलीय याची माहिती. हे सगळ्यात जास्त लोक विसरतात आणि पहार मारताना आठवतं.
- झाड दुसऱ्या राज्यात किंवा देशात न्यायचं असेल तर रोपांच्या आरोग्याचा दाखला लागू शकतो, आधी चौकशी करा.

३. वर्षभर वेळ असेल तर झाड जागेवरच सुधारा

ही स्टेप लोक गाळतात कारण धीर नसतो, आणि माझ्या मते निम्मं यश इथेच आहे. मरगळलेलं झाड उकरणं म्हणजे आजारी माणसाला ऑपरेशनला नेणं, आधी अंगात थोडी ताकद येऊ द्या.

वेल, गवत, शेजारची झुडपं काढून उजेड मोकळा करा, पाईनला ऊन लागतंच. कटरवाल्याला सांगा की ह्या वर्षी ह्याला हात लावू नको. बुंध्याजवळचा सिमेंट-चुन्याचा राडा उचला, कारण त्यामुळे माती अल्कली होते आणि पाईनला थोडी आम्ल माती आवडते, साधारण साडेपाच ते साडेसहा पीएचची. चुनखडी मातीतल्या झाडाच्या नव्या सुया फिकट पिवळ्या आणि जुन्या हिरव्या दिसतात, झाडाला लोह घेता येत नसतं. वरवर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी मुरू द्या आणि वाढीच्या दिवसात थोडं खत.

ह्याच वर्षी अर्धा चरही मारून घ्या. खोडाभोवती जेवढा गोळा काढायचाय तेवढं वर्तुळ आखा आणि त्याचा अर्धाच भाग, तोही तुकड्या-तुकड्यात, धारदार करवतीनं किंवा फावड्यानं खाली खोल कापून घ्या, तिथे प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा जाड वाळू भरा आणि ओलं ठेवा. कापलेल्या मुळांच्या तोंडाशी बारीक मुळ्यांचा झुपका येतो. उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी उकरताना कापायचा, म्हणजे तोपर्यंत निम्मी मुळं आधीच तयार. जेसीबी पुढच्या महिन्यात येणार असेल तर हे सगळं सोडा आणि पुढे जा.

४. सामान

धारदार फावडं, पहार, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), मुळांसाठी जुनी करवत (नवी वापरू नका, माती-दगडात दोन मिनिटात दात जातात), गोणपाट, सुतळी, स्ट्रेच फिल्म, पाण्याचा स्प्रे, ताडपत्री आणि एक मजबूत मदतनीस. शेवटचं गमतीनं नाही लिहिलेलं. दोन फूट रुंद आणि सव्वा फूट खोल मातीचा ओला गोळा दीडशे-दोनशे किलो भरतो, हिशोब करूनच झाड निवडा.

घरी आधीच तयार हवं: लाकडी पेटी, जाळी, बांधायची तार, आणि पेटीत मातीऐवजी भरायचं चाळलेलं मिक्स (ते कशाचं, ते ७ मध्ये). उकरून आणल्यावर पेटी ठोकायला बसणारे लोक असतात, तेवढ्यात मुळं वाळतात.

५. कधी उकरायचं

हिवाळा संपता संपता, टोकाचे डोळे फुगायला लागलेत पण कँडल, म्हणजे डोळ्यातून निघणारी मेणबत्तीसारखी कोवळी वाढ, अजून लांबलेली नाही, तेव्हा. जमीन गोठलेली नको. काही लोक उन्हाळा ओसरल्यावर, सुया पक्क्या झाल्यावरही काढतात आणि थंडी फार नसेल तर जमतं. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे कँडल लांब होऊन कोवळ्या सुया बाहेर पडत असतात ती. तेव्हा झाडाचा पाण्याचा खर्च सगळ्यात जास्त असतो आणि तुम्ही नेमकी तेव्हाच पाण्याची पाईप कापताय.

६. उकरणं

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, म्हणजे माती वाफशावर येते आणि गोळा धरून राहते. कोरडी माती भसाभस गळते आणि चिखल झाला तर गोळा फुटतो. फांद्या सुतळीनं वर बांधून घ्या.

वरची भरावाची माती खोडाच्या खऱ्या पसाऱ्यापर्यंत बाजूला करा, मग वर्तुळ धरून बाहेरून खाली या. मुळं फावड्यानं चेचू नका, दिसली की सिकेटर किंवा करवतीनं साफ काप द्या. शहरातल्या मातीत विटांचे तुकडे, प्लास्टिक, लोखंडी सळया काय वाट्टेल ते निघतं, आणि मुळं अनेकदा एकाच बाजूला पळालेली असतात कारण दुसरीकडे फुटपाथ असतो. त्या बाजूला गोळा मोठा ठेवा, गोलच हवा असा हट्ट नको.

कडेनं मोकळं झालं की खालून कापायच्या आधी गोळ्याला गोणपाट घट्ट गुंडाळून सुतळीनं आवळा. राड्याच्या मातीत तर हे हवंच, नाहीतर झाड तिरकं केलं की निम्मी माती खड्ड्यातच राहते. मग खालून, सोटमूळ असेल तर ते कापून, झाड ताडपत्रीवर सरकवा. खोड धरून उचलू किंवा हलवू नका, आतल्या बारीक मुळ्या तटातट तुटतात आणि ते बाहेरून कळतही नाही. उचलायचं ते गोळ्याखालून.

उघड्या मुळ्यांवर स्प्रे मारत राहा आणि लगेच फिल्म गुंडाळा. उन्हात बारीक मुळी वाळायला काही मिनिटंच लागतात. उघड्या गाडीत नेताना वरची हिरवळही झाका, वारा सुयांमधलं पाणी ओढून घेतो.

७. पेटीत लावणं

पेटी गोळ्यापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं मोठी, बास. मोठ्या पेटीत झाड लवकर वाढेल असं वाटतं पण मुळं नसलेल्या जागेतलं पाणी कोण पिणार? ते तसंच साचतं आणि मुळं कुजतात. तळाला भरपूर भोकं, वर जाळी.

मिक्स म्हणजे प्युमिस, नसेल तर जाड पर्लाईट किंवा लाव्हा रॉकचा चुरा, साधारण ३ ते ६ मिलिमीटरचा दाणा. धूळ चाळून फेकायचीच, तीच पुढे निचरा बंद करते. बागेची माती, शेणखत, गांडूळखत ह्यातलं काहीही घालू नका.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा, जुनी माती किती काढायची. गोळा उघडलात की मुळांवर पांढरी जाळी दिसेल, कापसाच्या धाग्यासारखी, अळंबीसारखा वास येतो. बघून घाबरून धुवू नका. ही पाईनच्या मुळांशी जोडीनं राहणारी बुरशी आहे, मायकोरायझा, ती मुळांना पाणी आणि अन्न मिळवून देते. पाईनची सगळी माती पाईप लावून धुतली तर झाड जाण्याची पुरेपूर शक्यता. बाहेरची सैल माती आणि राडा काडीनं अलगद विंचरून काढा, खोडाजवळचा गाभा तसाच ठेवा. गाभा अगदीच खराब, चिकट मातीचा असेल तर फक्त एका बाजूचा मोकळा करा, दुसऱ्या बाजूला हात लावू नका.

ह्यातच एक सापळा आहे जो फार कमी जण सांगतात. चिकट मातीचा गाभा आणि भोवती भुसभुशीत प्युमिस अशी जोडी झाली की पाणी प्युमिसमधून सरळ खाली निघून जातं आणि गाभा आत ठणठणीत कोरडा राहतो, खालून पाणी वाहताना दिसतं म्हणून तुम्ही खुश. म्हणून गाभ्यात बारीक काडीनं जागोजागी भोकं पाडून त्यात मिक्स भरा आणि पाणी देताना नळी थेट गाभ्यावर धरून हळूहळू मुरू द्या.

झाड ठेवल्यावर मिक्स काडीनं खुपसून सगळ्या पोकळ्या भरा आणि तारेनं झाड पेटीला इतकं घट्ट बांधा की खोड हलवलं तर पेटी हलली पाहिजे. झाड डुगडुगत असेल तर प्रत्येक वाऱ्याला नव्या मुळांची टोकं तुटतात. मग खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या.

८. पहिले काही महिने

वाऱ्यापासून आडोसा, सकाळचं ऊन, दुपारी हलकी सावली. अंधाऱ्या कोपऱ्यात लपवू नका, सुयांना उजेड मिळाला तरच मुळांना अन्न. दिवसातून एक-दोनदा सुयांवर स्प्रे मारा. अख्खं झाड प्लास्टिकमध्ये बांधून उन्हात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत झाड शिजतं. थंड हवा असेल तर पेटीखाली हीट मॅट ठेवून मुळांशी २० अंशांच्या आसपास तापमान ठेवणारे लोक आहेत, त्याचा चांगला उपयोग होतो.

पाणी रोज ठराविक वेळेला म्हणून देऊ नका. एक लाकडी काडी गाभ्यात खुपसून ठेवा, काढून बघा, ओली असेल तर आज पाणी नाही. पाईन तहानेपेक्षा पाणी साचून जास्त मरतं.

आणि हे नीट लक्षात घ्या की पाईन मेलं तरी महिनोन्महिने हिरवं दिसतं. वसंतात कँडल लांबली की लोक "लागलं लागलं" म्हणून कात्री काढतात, पण ती वाढ मागच्या वर्षीच्या साठ्यावर होते, मुळं नसली तरी होते. झाड लागल्याच्या खऱ्या खुणा वेगळ्या: नव्या सुया पूर्ण लांब होऊन टणक झाल्या, सीझनच्या शेवटी टोकाला नवे भरलेले डोळे आले, पेटी आधीपेक्षा लवकर सुकायला लागली, आणि तळाच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली. याउलट सुया राखाडी, निस्तेज झाल्या, डोळे हाताला कोरडे लागले तर फांदीची साल नखानं थोडी खरवडा. खाली ओलं हिरवट असेल तर अजून जीव आहे.

अशक्त झाडावर कीड पटकन येते. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, बारीक ठिपके चालताना दिसले तर लाल कोळी. मावा कोवळ्या टोकांवर आणि खवले कीड सुयांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, नाहीच गेली तर कीटकनाशक साबण.

९. खत

उकरल्यावर लगेच नाही. नव्या सुया पक्क्या झाल्या की सुरू करा, हलकं. त्या वर्षीचा उरलेला सीझन तेवढंच, दुसऱ्या वर्षापासून भरपूर.

१०. कात्री कधी

"मुळं कमी झाली म्हणून वरचं पण कमी करा" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल आणि पानगळीच्या झाडांना तो बऱ्यापैकी लागूही पडतो. पाईनच्या नव्या मुळांचा खर्च सुया भागवतात, आणि टोकाच्या डोळ्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली येऊन मुळं फुटायला मदत करतं. ते कापलं तर मुळं कशाच्या जिवावर येणार? पहिल्या वर्षी फक्त वाळलेल्या काड्या काढा. तार नाही, सुया विरळ करणं नाही, काही नाही. हात फारच शिवशिवत असेल तर यामाकी पाईन नावाचं जपानी बोन्साय आठवा, १६२५ पासून कुंडीत, १९४५ च्या हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलं, १९७६ ला अमेरिकेला भेट म्हणून गेलं. त्याच्यापुढे आपली दोन वर्षं किस झाड की पत्ती.

झाड खरंच जोमात आलं, साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, की पहिलं काम म्हणजे एका जागेवरून निघालेल्या फांद्या कमी करणं. कटरनं भादरलेल्या झाडावर एकाच गाठीतून चार-पाच-सहा फांद्या निघतात आणि तसंच ठेवलं तर ती जागा फुगून वर जाड खाली बारीक असं बेढब होतं. हळूहळू प्रत्येक गाठीला दोनच ठेवा, पण सगळ्या एकाच दिवशी नाही. काही फांद्या खोडाशी न कापता वीतभर खुंट ठेवून कापा, साल सोलून जिन (मुद्दाम ठेवलेली वाळकी, पांढरी फांदी) करता येते, नंतर नको वाटलं तर कापता येईलच.

मागे फुटवे आणायचे असतील तर इथे जात कामाला येते. स्कॉट्स, मुगो, व्हाईट पाईन असेल तर नवी वाढ पक्की झाल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटी टोकं छाटा, मागच्या सुयांमध्ये डोळे येतात. ब्लॅक किंवा रेड पाईन असेल तर वाढीचा सीझन संपायच्या साधारण १०० दिवस आधी कँडल बुडापासून पूर्ण कापतात, पण ते फक्त खत खाऊन माजलेल्या झाडावर. नव्यानं उकरलेल्या झाडावर हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाआधी करू नका.

११. गाभ्याची दुसरी बाजू

पेटी मुळांनी भरली, झाड दोन-तीन वर्षं छान वाढलं, की परत हिवाळ्याच्या शेवटी पेटी उघडून जुन्या मातीच्या गाभ्याचा पहिल्यांदा न हात लावलेला भाग मोकळा करायचा. नव्या प्युमिसमध्ये वाढलेली बाजू तेव्हा झाडाला सांभाळते. अडचण एवढीच की तोपर्यंत कुठली बाजू मोकळी केली होती ते कोणालाच आठवत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी पेटीच्या त्या बाजूला पर्मनंट मार्करनं बाण आणि तारीख लिहून ठेवा, आणि आतल्या बाजूलाही एकदा लिहा कारण बाहेरचं उन्हानं उडतं.